टेलपासून मोजणारी

माझ्या धाकट्या जावेला पोलीस पाटील व्हायचं होतं आणि त्यात आडवी आली भूमिती.

आमची शेती सोनईपासून थोडी आत, वस्तीवर. गावचे जुने पोलीस पाटील वय झालं म्हणून उतरले. पुढची जागा महिलेसाठी निघणार, अशी बातमी आधी दूध डेअरीवर आली आणि मग आमच्या घरी, कारण माझा धाकटा दीर डेअरीचा टेम्पो चालवतो. पात्रता दहावी पास. जाऊ नववी पास होती. त्या वर्षीच तिनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, मार्चमध्ये परीक्षा दिली आणि एक सोडून सगळे विषय सुटले. राहिलं ते गणित.

"कशाला पायजे तुला ते पद?" मी विचारलं होतं.

"आक्का, भांडनं तर मी आत्ताबी मिटवते," ती म्हणाली. "पन मधी बोललं की म्हनत्यात, तुला कोनी विचारलं? पोलीस पाटील झालं की विचारावंच लागंल."

कारण मला पटलं. पुरवणी परीक्षा जुलैत होती. मी बी. एस्सी. गणित घेऊन केलेलं. लग्नानंतर काही वर्षं शिकवण्या घेतल्या, आता सोनईत पाइप आणि फिटिंगचं दुकान चालवते. दुपारी दुकानात फारसं कोणी फिरकत नाही. मी तिला सांगितलं, रोज दुपारी ये, डबाही आण, माझा पण.

बीजगणित तिनं पटापट उचललं. घरचा हिशेब तीच बघते, त्यामुळे 'क्ष'ची किंमत काढताना तिला फक्त एवढंच वाटायचं की ही आधी का लपवली. भूमितीत प्रमेयं पाठ करायला ती तयार नव्हती. मग मी ठरवलं की निर्देशक भूमितीवर भर द्यायचा. त्यात बोलायचं कमी आणि करायचं जास्त असतं.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "रेषा आणि रेषाखंड यात फरक काय?"

ती डब्यातली भाकरी मोडत होती. "रेषा म्हंजे भावबंदकी. दोन्ही बाजूंनी कधी संपत न्हाई. रेषाखंड म्हंजे बांध. त्याला टोकाला दोन दगड तरी असत्यात."

मी दुसरी व्याख्या द्यायच्या भानगडीत पडले नाही.

माझ्या दुकानात एक एक फुटाची चौकोनी फरशी आहे. आलेखाचा कागद तिला बारीक वाटायचा, डोळ्यांना चष्मा लागायला लागलाय हे ती मान्य करत नव्हती. म्हणून आम्ही फरशीवरच शिकलो. काउंटरखालचा कोपरा म्हणजे आरंभबिंदू. तिथून दाराकडे जाणारा फरशीचा सांधा म्हणजे एक्स अक्ष, भिंतीच्या रॅककडे जाणारा वाय अक्ष. ए बिंदूला एल्बो, म्हणजे पाइपाचा कोपर, ठेवायचा, बी बिंदूला एंड कॅप, म्हणजे पाइपाचं टोक बंद करायची टोपी, मधे सुतळी ताणायची. झाला रेषाखंड. गिऱ्हाईक आलं की त्यानं सुतळी ओलांडून यायचं, एवढंच.

ए एक, दोनवर आणि बी सात, दहावर. दोघांमधलं अंतर काढ म्हटलं तर तिनं दहा काढलं. बरोबर. चढ काढला चार छेद तीन, तोही बरोबर. मध्यबिंदू चार, सहा, बरोबरच. फक्त 'चढ' या शब्दावर तिचा राग होता. पाण्याला उतार लागतो, चढ काय कामाचा, असं तिचं म्हणणं. मी तिला ऋण चढ दाखवला, डावीकडून उजवीकडे खाली येणारा. "मग सरळ उतार म्हना की," ती म्हणाली. "उगं मायनसची शेपटी लावून चढ म्हनायचं."

असा पंधरवडा मजेत गेला. तिची सगळी उत्तरं बरोबर येत होती आणि मी दिराला सांगूनही टाकलं होतं की ही सहज सुटते. मग आलं विभाजन सूत्र.

ज्यांनी भूमितीशी संबंध तोडलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक रेषाखंड घ्यायचा, ए पासून बी पर्यंत. त्यावर पी नावाचा एक बिंदू असा आहे की ए पासून पी पर्यंत दोन वाटे आणि पी पासून बी पर्यंत तीन वाटे. तर पी कुठे आहे? सूत्रात टाकलं की उत्तर येतं. मी तिला दिलं, ए दोन, सातवर, बी सात, दोनवर, गुणोत्तर दोनास तीन. उत्तर यायला हवं चार, पाच. तिचं आलं पाच, चार.

मला वाटलं, आकडे उलटे लिहिते. नवशिक्याची नेहमीची चूक. मी तिला आधी आडवं मग उभं, आधी आडवं मग उभं, असं दिवसभर घोकायला लावलं. दुसऱ्या दिवशी तेच गणित दिलं. पुन्हा पाच, चार.

"अगं, आधी आडवं."

"आडवंच घेतलंय आधी."

"मग पाच कसं आलं?"

"आलं म्हंजे आलं. मी काय घरून आनलंय व्हय?"

त्या वेळी दुकानात तात्या बसले होते. तात्या म्हणजे आमचे वस्तीवरचे शेजारी. मुळा धरणाच्या कालव्यातून आमच्या शिवारात जी चारी येते, तिच्या तोंडाशी पहिली जमीन त्यांची, आणि टोकाला, टेलला, शेवटची जमीन आमची. मधे पाच-सहा जण आहेत, पण भांडण कायम पहिल्याचं आणि शेवटच्याचं. तात्या पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा घ्यायला आले होते आणि तो हातात मिळाल्यावरही उठत नव्हते.

"सूनबाई," ते जावेला म्हणाले, "पाच काय अन् चार काय, एवढ्यातेवढ्यावर पोलीस पाटीलकी अडती व्हय?"

"अडती, तात्या," ती म्हणाली. "तुमच्या दारावानी."

चारीवर प्रत्येकाच्या शेताला एक लोखंडी दार असतं, चाक फिरवून वरखाली करायचं. ज्याची पाळी असेल त्याचं दार उघडायचं, बाकीच्यांनी आपापली लावायची. तात्यांचं दार नीट बसत नाही. गंजलंय म्हणतात. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की ते हमखास गंजतं.

मी मनातल्या मनात शोधत होते की नेमकं चुकतंय कुठे. दोन-सात आणि सात-दोन ही जोडीच फसवी आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. अशा गणितात आकडे उलटे लिहिले काय आणि दुसरी कुठली चूक केली काय, उत्तर सारखंच दिसणार. म्हणून मी वेगळं गणित दिलं. ए एक, एकवर. बी अकरा, सहावर. गुणोत्तर एकास चार. उत्तर यायला हवं तीन, दोन. आकडे उलटवायची सवय असेल तर ती दोन, तीन लिहील.

तिनं लिहिलं नऊ, पाच.

आता हे कुठून आलं? मी वही बाजूला सारली. "ऊठ. फरशीवर दाखव."

तिनं एल्बो एक, एकवर ठेवला. एंड कॅप अकरा, सहावर, जवळजवळ दाराशी. सुतळी ताणली. मग एक बॉल व्हॉल्व्ह घेतला, सरळ एंड कॅपकडे गेली, तिथून पदर सावरत एक वाटा मोजला आणि नऊ, पाचवर व्हॉल्व्ह ठेवून दिला.

"इथं," ती म्हणाली. "अलीकडं चार वाटे, पलीकडं एक."

"तू बी पासून का मोजलंस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कुठल्या गावची आहे असा तिला प्रश्न पडला असावा. "मग कुठून मोजायचं? टेलपासूनच की."

मला हसू आलं आणि तिला राग.

ज्यांच्याकडे कालव्याचं पाणी नाही त्यांना हे सांगायला हवं. चारीला पाणी सुटलं की पहिली पाळी शेवटच्या शेताची, पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या यादीत त्याचंच नाव सगळ्यात वर. त्याचं भिजलं की त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, असं करत पाणी तोंडाकडे यायचं. सगळ्यात शेवटी तात्या. उलटं केलं तर टेलला थेंब पोचत नाही, कारण पाणी ज्याच्या दारावरून जातं त्याचा हात आपोआप दाराकडे जातो. आमच्या घरात हा नियम सगळ्यात मोठा. दीर पहाटेपासून टेम्पोवर आणि मी दुकानात, त्यामुळे पाळी सांभाळते ती जाऊच. आवर्तनात चारीवर जाऊन एकेकाला दार लावायला लावायचं आणि टेलपासून पाणी घ्यायचं, हे ती लग्न होऊन आल्यापासून करतेय. तिच्या डोक्यात कुठल्याही लांब गोष्टीची सुरुवात शेवटाकडून होते. ए म्हणजे तोंड, बी म्हणजे टेल, आणि पहिला वाटा अर्थातच टेलचा.

सूत्रातही ती तेच करत होती. बीचे निर्देशक पहिले म्हणून लिहायची आणि एचे दुसरे. मी मागची सगळी पानं उलटून पाहिली. अंतर, चढ, मध्यबिंदू, प्रत्येक गणितात तिनं बी पासून सुरुवात केली होती. आणि सगळी उत्तरं बरोबर, कारण अंतर इकडून मोजा की तिकडून, तेवढंच भरतं. चढ तोच येतो. मधला बिंदू मधेच राहतो. विभाजनालाच तेवढं कळतं की तुम्ही कोणत्या टोकाला उभे आहात.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझं गणित बरोबर आहे. टोक चुकलंय. गणितात ज्याचं नाव पहिलं, त्याच्यापासून मोजायचं."

तात्या खुर्चीत सरसावून बसले. "आता बोल. हेच मी इतकी वर्षं सांगतोय. पहिल्यापासून मोजा. आज शिकलेल्या मानसाच्या तोंडून आलं."

"तात्या, तुमचं सोल्युशन वाळंल," जाऊ म्हणाली.

"डबा बंद हाय."

"दुकानबी बंद व्हईल."

ते हसत उठले आणि सुतळी न ओलांडता तिच्यावर पाय देऊन गेले. एंड कॅप घरंगळत पायरीखाली गेली. जाऊ ती आणायला गेली नाही. ती व्हॉल्व्हकडे बघत उभी होती.

"आक्का, हे मला न्हाई जमनार," ती म्हणाली. "मी ए पासून मोजायला गेले की हात थांबतो. तात्याला आधी पानी दिल्यासारकं वाटतं."

मी तिला गणिती सवय, घरची सवय वगैरे समजावून पाहिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढचे तीन-चार दिवस ती कधी इकडून तर कधी तिकडून मोजायची आणि उत्तर लिहिलं की माझ्या तोंडाकडे बघायची. ते तर आणखी वाईट. आधी निदान ती खात्रीनं चुकत होती. विभाजन सूत्र सोडून द्यावं का, असाही विचार आला. पण प्रमेयं तिनं आधीच सोडली होती, वर्तुळाशी तिचं पटत नव्हतं, आणि आता हेही सोडलं तर पास व्हायला उरणार काय?

एका दुपारी मी ठिबकचे कनेक्टर मोजून पिशवीत भरत होते आणि ती काउंटरवर कपाळ टेकून बसली होती. वैतागून मी म्हटलं, "अगं, ए ला तोंड कुणी म्हटलं? तूच ना? ए म्हणजेच टेल समज. बी म्हणजे तात्या."

तिनं मान वर केली. "असं चालतं?"

"पुस्तकात कुठे लिहिलंय की ए ला कालवा आहे?"

ती उठली. पायरीखालची एंड कॅप शोधून आणली, फडक्यानं पुसली आणि एक, एकवर ठेवली. एल्बो नेऊन अकरा, सहावर ठेवला, दाराशी, जिथून तात्या गेले होते. आता टोपी ए ला होती. तिथून तिनं एक वाटा मोजला. तीन, दोन. तिनं मला विचारलंसुद्धा नाही की बरोबर आहे का.

त्यानंतर आम्ही विभाजनाची जेवढी मिळाली तेवढी गणितं सोडवली. ती पेन्सिलनं ए च्या बाजूला लहानशी टोपी काढायची आणि मग सूत्र लिहायची. एकही चुकलं नाही.

पेपर नेवाशाला होता. मी दुकान दिराच्या ताब्यात दिलं आणि तिला स्कूटीवर घेऊन गेले. वाटेत ती मागे बसून सूत्रं म्हणत होती आणि मला वळणांवर गाडी सावकाश घ्यायला सांगत होती, म्हणजे तिचं 'वजा' सांडणार नाही. केंद्रावर सगळी पोरंपोरी. एकीनं तिला विचारलं, "काकू, तुमचा कोण आहे परीक्षेला?" जाऊ म्हणाली, "मीच हाय," आणि आपल्याकडचं जादा पेन त्या मुलीला देऊन आत गेली.

मी बाहेर कडुलिंबाखाली थांबले. चहा घेता घेता एकदम सुचलं की आम्ही सगळी गणितं ए आणि बी चीच केली आहेत. तिनं टोपी घातली ती ए ला. पेपरात दुसरी अक्षरं आली तर? पी आणि क्यू आले तर? ही तिथे टोपी कुणाला घालणार? चहा कपातच राहिला. आता आत जाऊन सांगता तर येणार नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. आवर्तनात भांडण जिंकून आली तरी तिचा चेहरा असाच असतो.

"विभाजनाचं आलं होतं?" मी विचारलं.

"आलतं."

"ए-बी?"

"कुठलं ए-बी? एन अन् एम. अन् आधी एन, मग एम. उलटं."

स्कूटी स्टँडवरून काढता काढता मी विचारलं, "मग?"

"मग काय. पाटकऱ्याच्या यादीत ज्याचं नाव वर, त्याची पाळी आधी. एनचं नाव वर हुतं. टोपी एनला घातली."

"आकडे आठवतात?"

"एन वजा चार, एक. एम सहा, सहा. तीनास दोन. दोन, चार आलं."

मी स्कूटी परत स्टँडवर लावून तिथेच मनात आकडेमोड केली. अठरातून आठ गेले दहा, भागिले पाच, दोन. अठरा आणि दोन वीस, भागिले पाच, चार. एमकडून मोजलं असतं तर शून्य, तीन आलं असतं.

"बस मागे," मी म्हटलं.

"बरोबर हाय ना?"

"बस म्हटलं ना. रस्त्यात भजी घेऊ."

निकाल ऑगस्टमध्ये लागला. दिरानं टेम्पोतूनच मोबाईलवर पाहिला आणि डेअरीवर सगळ्यांना सांगून मग घरी फोन केला. गणित सुटलं. काठावर नाही, बऱ्यापैकी वर. तिनं पेढे वाटले नाहीत. म्हणाली, अजून जागा कुठं मिळालीय. पोलीस पाटलाचा अर्ज आठवड्याच्या आत भरला. आणखी तिघी आहेत, लेखी परीक्षा आहे, मुलाखत आहे. पाहू.

त्याच महिन्यात पाऊस लांबला आणि कालव्याला आवर्तन सुटलं. दुकानाला सुट्टी होती म्हणून मीही तिच्याबरोबर चारीवर गेले. पाण्याचं तोंड नुकतंच आमच्या शिवारात आलं होतं, काडीकचरा पुढे ढकलत. तात्यांचं दार गंजलं होतं, म्हणजे वीतभर उघडं होतं, आणि त्यांच्या उसाची पहिली सरी ओली झाली होती. तात्या बांधावर टॉवेल टाकून बसले होते.

"दार लावा, तात्या," जाऊ म्हणाली.

"लावतो की. पन आधी एक सांग." ते आरामात बसूनच होते. "तू पास झाली का न्हाई?"

"झाले."

"पहिल्यापासून मोजून झाली ना? मी सोता ऐकलंय दुकानात. बोर्डानं तुला मार्क दिलं का न्हाई? मग बोर्डाला चालतं ते चारीला का चालत न्हाई?"

चारीवरचे खालच्या अंगाचे दोघे-तिघे फावडी टेकवून थांबले. गणिताच्या बाजूनं पाहिलं तर तात्यांचा मुद्दा वाईट नव्हता.

जाऊ दाराच्या चाकापाशी जाऊन उभी राहिली.

"तात्या, पेपरात वाटेत पानी मुरत न्हाई," ती म्हणाली. "एपासून बीपर्यंत जेवढं सोडलं तेवढं पोचतं. इथं मुरतं. अन् लई मुरतं ते तुमच्या उसात."

कोणीतरी हसलं. तात्याही हसले, थोडे उशिरा.

"पोलीस पाटील झाल्यावर तर तू आमाला जगूच द्यायची न्हाई."

"झाल्यावरचं झाल्यावर. आत्ता उठा, चाक दोघांनी फिरवावं लागतंय."

ते उठले. दोघांनी मिळून चाक फिरवलं आणि गंजलेलं दार बरंच कुरकुरून खाली बसलं. पाणी जरा थबकलं, उंच झालं आणि पुढे निघालं. जाऊ चप्पल हातात घेऊन चारीच्या कडेनं त्याच्या पुढे चालू लागली, टेलकडे.